तेल-मेण पाजलेली सुती खांद्याची पिशवी: गोव्याच्या पावसासाठी कशी निवडावी आणि कशी सांभाळावी?

सत्तरीची शिक्षिका (वाळपई)

नमस्कार. मी सत्तरी तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. अर्धा तास कदंबची बस आणि त्यानंतर वीस मिनिटांची पायवाट असा माझा रोजचा प्रवास आहे. खांद्यावर तीस-चाळीस वह्या, हजेरीपट, जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली असते. आमचा भाग सह्याद्रीच्या पायथ्याशी असल्यामुळे किनारपट्टीपेक्षा येथे पाऊस अधिक कोसळतो, आणि पायवाटेवर छत्री वाऱ्याने उलटी झाली की पिशवी आणि पाऊस यांच्यामध्ये काहीच उरत नाही.

गेल्या जुलैमध्ये माझ्या पिशवीचा आतला चकचकीत थर सुटून त्याच्या चिकट पापुद्र्या वह्यांच्या पुठ्ठ्यांना लागल्या आणि शिवणीतून आलेल्या पाण्याने सहा मुलांच्या वह्यांतील शाई पसरली. पिशवी जेमतेम दोन वर्षांची होती. मुलांनी महिनाभर गिरवलेली पाने अशी वाया गेल्याचे मला फार वाईट वाटले, म्हणून या वर्षी पावसाच्या आधीच नीट चौकशी करून निर्णय घ्यावा असे ठरवले आहे.

माझे दोन प्रश्न आहेत. पहिला असा की, तेल किंवा मेण पाजलेल्या जाड सुती कापडाची नवी पिशवी घ्यायची झाल्यास दुकानात नेमके काय पाहावे? दुसरा प्रश्न माझ्या वडिलांच्या पिशवीविषयी आहे. ते तारवटी होते, मालवाहू जहाजांवर त्यांनी बावीस वर्षे काढली, आणि इंग्लंडमधील एका बंदरातून त्यांनी गडद हिरव्या रंगाची, मेणचट हाताला लागणारी अशी एक खांद्याची पिशवी आणली होती. ते गेल्यानंतर ती पत्र्याच्या ट्रंकेत पडून होती. आता बाहेर काढली तर कापड ताठ झाले आहे, घड्यांवर फिकट रेषा उमटल्या आहेत, झाकणावर पांढुरका थर आहे आणि तळाला कुबट वास येतो. शेजारच्या काकी म्हणतात की सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर भिजत घालावी, घासून धुवावी आणि वाळल्यावर खोबरेल तेल चोळावे. काकींचा सल्ला प्रेमाचा आहे. परंतु वडिलांची वस्तू असल्याने कोणाला तरी विचारल्याशिवाय हात लावण्याचे धैर्य होत नाही.

निवृत्त रसायनशिक्षक (फोंडा)

बाई, कृपया पिशवी पाण्यात घालू नका. गरम पाणी आणि सोडा या दोन्हींनी कापडातील मेण सुटून निघेल आणि तुमच्या हाती फक्त जाड, रंग विटलेले सुती कापड उरेल. यंत्रात धुणेही तितकेच घातक आहे. ज्या ब्रिटिश कंपन्या पिढ्यान्‌पिढ्या असे कापड वापरतात, त्यांचीही स्पष्ट सूचना अशीच असते की थंड पाण्यात भिजवलेल्या स्पंजने पुसावे, साबण लावू नये आणि यंत्रात कधीही टाकू नये.

खोबरेल तेलही लावू नका. त्याचे कारण समजले तर तुमच्या दोन्ही प्रश्नांची निम्मी उत्तरे मिळतील, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तेले दोन स्वभावांची असतात. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते आणि त्याचा कापडावर एक पक्का पापुद्रा तयार होतो. शिडांच्या जहाजांच्या काळात खलाशी शिडांना हेच तेल लावत आणि निकामी झालेल्या शिडाच्या कापडातून पावसाचे अंगरखे शिवत. पण जवसाचा हा पापुद्रा काळाबरोबर पिवळा पडतो, ताठ होतो आणि घडीवर तडकतो. म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, विशेषतः 1930च्या दशकापासून, ब्रिटनमध्ये जवसाच्या तेलाची जागा पॅराफिन मेणाच्या मिश्रणाने घेतली. मेण हवेने घट्ट होत नाही. ते फक्त थंडीने गोठते आणि उष्णतेने पुन्हा वितळते. त्यामुळे जवसाचे बिघडलेले कापड सहसा सुधारता येत नाही, तर मेणाचे कापड पुनःपुन्हा नवे करता येते.

खोबरेल यांपैकी कोणत्याच वर्गात बसत नाही. ते सुमारे 24 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे गोव्यात वर्षाचे बहुतेक दिवस ते द्रवरूपच असते. ते कधी वाळत नाही, धूळ धरते, वह्यांना डाग लावते आणि काही महिन्यांत खवट होते. कापडाला तेल पाजल्याचे समाधान तेवढे मिळेल, पण पाऊस अडणार नाही.

आता वडिलांच्या पिशवीची परीक्षा. केस वाळवण्याचे यंत्र घ्या आणि झाकणाच्या कोपऱ्यावर एक वीत अंतरावरून मिनिटभर उष्ण हवा सोडा. फिकट रेषा नाहीशा होऊन कापड गडद आणि मऊ झाले तर ते मेण आहे. काहीच बदल झाला नाही आणि कापड पुठ्ठ्यासारखे ताठच राहिले, तर जवसाचे तेल असण्याची शक्यता अधिक. पांढुरक्या थराचीही याच वेळी पारख होईल. मेण जुने झाले की पृष्ठभागावर त्याची बारीक पांढरी भुकटी येते. ती उष्णतेने विरघळून दिसेनाशी होते. बुरशी मात्र उष्ण हवेने विरघळत नाही, तिचे गोलसर ठिपके असतात, भिंगातून पाहिल्यास तंतू दिसतात आणि वास कुबट येतो. दोन्ही एकाच पिशवीवर असू शकतात, आणि तुमच्या वर्णनावरून झाकणावर मेण व तळाला बुरशी असावी असा माझा तर्क आहे. तर्कच आहे, परीक्षा करून कळवा.

ताडपत्री शिवणारा (म्हापसा)

मास्तरांनी जुन्या पिशवीचे उत्तर दिले आहे, मी नव्या पिशवीविषयी लिहितो. माझा व्यवसाय ताडपत्र्या, होड्यांची आच्छादने आणि जाड कॅनव्हासच्या पिशव्या शिवण्याचा आहे. गेली अनेक वर्षे फाटलेल्या पिशव्या दुरुस्तीला माझ्याकडे येतात, त्यामुळे पिशवी कोठे मरते हे मला रोज पाहायला मिळते.

आपली जुनी पिशवी का बिघडली, ते आधी सांगतो. तिचा आतला थर पॉलियुरेथेनचा असणार. गोव्याच्या दमट आणि उष्ण हवेत हा थर पाणी शोषून आतून विघटित होतो, आधी चिकट होतो आणि मग पापुद्रे सुटतात. पिशवी वापरली नाही, कपाटात ठेवली, तरीही हे घडते. दुकानात पिशवी उलटी करून आतल्या बाजूला हात फिरवा. प्लास्टिकसारखी सलग तकाकी दिसली आणि कापडाची वीण दिसली नाही, तर विक्रेता काहीही म्हणो, ते मेणकापड नव्हे. खऱ्या मेणकापडात मेण धाग्यांच्या आत मुरलेले असते, त्यामुळे वीण दोन्ही बाजूंनी दिसते. नखाने हलकी रेघ ओढा. फिकट रेघ उमटली आणि तळहाताने चोळल्यावर विरली, तर कापड खरे आहे.

कापड घट्ट विणीचे असावे. वर्गमीटरला 300 ते 350 ग्रॅम वजनाचा कॅनव्हास शाळेच्या पिशवीला पुष्कळ झाला. मेण पाजल्यावर वजन आणखी वाढते आणि आपल्या तीस-चाळीस वह्यांचे वजनच तीन-चार किलो असेल. जाडजूड कापडाच्या मोहात पडून रिकामी पिशवीच खांदा दुखवू लागली तर ती घरीच राहील. कापड डोळ्यांसमोर धरून उजेडाकडे पाहा, टाचणीच्या टोकासारखे उजेडाचे ठिपके दिसत असतील तर घेऊ नका. सुती कापडाचा एक मोठा गुण असा की ओले झाल्यावर धागे फुगतात, वीण आणखी आवळते आणि सुताची ताकद कमी न होता वाढते. कृत्रिम धाग्याला हा गुण नाही.

मात्र पाणी कापडातून क्वचितच येते. ते शिवणीच्या भोकांतून, चेनीतून आणि झाकणाच्या बाजूंनी येते. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो की पिशवीचे झाकण आधी पाहा. झाकण पुढच्या बाजूने निदान एक वीत खाली यावे आणि दोन्ही बाजूंना त्याला कान असावेत, म्हणजे पिशवीची तोंडाकडची फट झाकली जाईल. झाकणाखाली चेन असेल तर उत्तम, पण झाकणाशिवाय उघडी चेन असलेली पिशवी आपल्या पावसासाठी नकोच. तळाशी मधोमध शिवण असलेली पिशवीही घेऊ नका, कारण बसमध्ये किंवा बाकावर ठेवली की ओल तेथूनच वर चढते. तळ एकाच तुकड्याचा आणि शक्यतो दुहेरी असावा.

शिवणीचा दोरा हा आमच्या व्यवसायातील जुना वाद आहे. सुती दोरा ओला झाल्यावर फुगतो आणि सुईचे भोक बुजवतो, पण सतत ओला राहिला तर कुजतो. पॉलिएस्टरचा दोरा कुजत नाही, पण भोक बुजवत नाही. आतून पॉलिएस्टर आणि वरून सूत गुंडाळलेला दोरा मिळाला तर दोन्हींचे हित साधते. तो नसेल तर मी पॉलिएस्टरने शिवतो आणि शिवणीवर आतून-बाहेरून मेणाची कांडी घासून देतो.

पट्टा सुती निवारीचा घ्या, चार-पाच सेंटिमीटर रुंदीचा. पट्टा जेथे पिशवीला जोडला आहे तेथे चौकोनात फुलीची शिवण असावी आणि आतल्या बाजूला कापडाचा जोडतुकडा असावा. माझ्याकडे येणाऱ्या पिशव्यांपैकी बहुतेक याच जागी फाटलेल्या असतात. बक्कल आणि रिव्हेट यांना लोहचुंबक लावून पाहा. चिकटले तर वरच्या मुलाम्याखाली लोखंड आहे. खाऱ्या हवेत तो मुलामा फार काळ टिकत नाही, आणि लोखंडाच्या गंजाने केवळ डागच पडतो असे नाही, गंजाभोवतीचे सुती कापडही जळल्यासारखे ठिसूळ होते. पितळेवर हिरवट कळा आली तरी ती कोरड्या फडक्याने पुसली जाते.

शेवटी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. मेणकापड पाणी झटकते, पण ते रबरी नव्हे. वीस मिनिटांच्या मुसळधार पावसात पाठीला घासणाऱ्या बाजूने थोडी ओल आत येऊ शकते. तेव्हा हजेरीपट आणि वह्या आत एका वेगळ्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्येच ठेवाव्यात. त्याने दुसराही लाभ होतो, मेणाचा डाग कागदाला लागत नाही.

चोडणकाठ

मी चोडण बेटावर राहतो आणि कामासाठी रोज फेरीबोटीने रायबंदरला येऊन पणजी गाठतो. माझ्याकडे मेणकापडाची एक पिशवी सहा वर्षे आहे. वर जे लिहिले गेले त्यात माझी एक चूक जोडतो, कारण ती गोव्यात कोणाकडूनही होऊ शकते.

पहिल्या वर्षी मी विदेशातून आलेल्या डबीतील मऊ मेण लावले. पावसाळा उत्तम गेला. पुढच्या एप्रिलमध्ये दुपारी पिशवी बंद मोटारीत मागच्या आसनावर राहिली. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीतील उष्णता 60 अंशांच्या वर सहज जाते, आणि पॅराफिन साधारण 50 ते 60 अंशांच्या आसपास वितळते. संध्याकाळी पाहिले तर आसनावर गडद डाग, पिशवीतील पुस्तकाची कडा पारदर्शक झालेली, आणि घरी येईपर्यंत पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर पट्ट्याचा ठसा उमटला होता. तो सदरा पुन्हा घालता आला नाही.

तेव्हापासून माझे असे मत झाले आहे की ब्रिटनच्या थंड पावसासाठी केलेले मऊ मिश्रण जसेच्या तसे आपल्याकडे वापरू नये. तेथे मेण थंडीने तडकू नये म्हणून त्यात तेलाचा अंश राखावा लागतो. आपल्याला ती भीतीच नाही. आपल्याला कडक मेण हवे, आणि तेही थोडे.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. समुद्राचे शिंतोडे पिशवीवर उडाले असतील तर ती वाळवून तशीच ठेवू नका. कापडात राहिलेले मीठ हवेतील ओल ओढत राहते आणि पिशवी कधीच पुरती कोरडी होत नाही. थंड गोड्या पाण्याचे फडके दोनदा फिरवावे आणि मगच वाळवावी.

सत्तरीची शिक्षिका (वाळपई)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल शाळेला सुट्टी होती, म्हणून परीक्षा करून पाहिली. झाकणावर उष्ण हवा सोडताच पांढुरका थर डोळ्यांदेखत विरघळला आणि आतून तोच गडद हिरवा रंग वर आला, जो मी लहानपणी पाहिला होता. कापड हाताला मऊ लागले. म्हणजे ते मेणच आहे. तळाशी मात्र सरांचा तर्क खरा ठरला: करडे गोल ठिपके आहेत, ते उष्ण हवेने गेले नाहीत, आणि वास तेथूनच येतो. कापड तेथे ओढून पाहिले, फाटत नाही. पट्ट्याचे बक्कल चुंबकाला चिकटत नाही.

आता तीन शंका आहेत. बुरशी कशी काढावी? मेण कोणते आणि किती लावावे? आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत, जेव्हा घरात काहीच वाळत नाही, तेव्हा रोज ओली होणारी पिशवी कशी वाळवावी? कपाटात डांबराच्या गोळ्या घालून ठेवली तर चालेल का?

निवृत्त रसायनशिक्षक (फोंडा)

वाचून आनंद झाला. कापड फाटत नाही याचा अर्थ बुरशीने अजून सुताच्या धाग्याला फारसे खाल्लेले नाही. बुरशीला हवे असते ते सुतातील सेल्युलोज, घाम, अन्नाचे कण आणि ओल. शुद्ध पॅराफिन तिला फारसे रुचत नाही. म्हणजे वह्यांच्या पिशवीत डबा सांडला आणि तो डाग तसाच राहिला, तर बुरशीची सुरुवात तेथूनच होते.

काढण्याची रीत सांगतो. पिशवी घराबाहेर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून, तोंडाला रुमाल बांधून कोरड्या मऊ ब्रशाने झाडावी. घरात झाडली तर बीजाणू कपाटभर पसरतात. मग साधा पांढरा व्हिनेगर आणि तितकेच थंड पाणी एकत्र करून फडके ओलसर करावे आणि ठिपक्यांवर दाबून पुसावे. आधी एखाद्या न दिसणाऱ्या जागी लावून रंग उतरत नाही ना, हे पाहावे, आणि पितळेला व्हिनेगर लागू देऊ नये. दहा-पंधरा मिनिटांनी साध्या थंड पाण्याच्या फडक्याने पुसून, पिशवी उलटी करून, दोन-तीन दिवस सकाळच्या कोवळ्या उन्हात आणि वाऱ्यावर ठेवावी. दुपारचे ऊन नको. करडा डाग पूर्ण जाईलच असे नाही, पण वास गेला आणि नवे ठिपके आले नाहीत तर काम झाले. पिशवी पुरती कोरडी होण्याआधी मेण लावू नका, नाहीतर ओल आतच कोंडली जाईल.

डांबराच्या गोळ्या कसरीसारख्या किड्यांसाठी असतात, बुरशीला त्या पुरेशा पडत नाहीत. शिवाय त्यांची वाफ मेणात मुरते आणि तो वास वह्यांना आणि डब्याला लागत राहतो. ट्रंक आणि प्लास्टिकची थैली हे दोन्ही पर्याय टाळा. बंद जागेतील ओल हेच तर बुरशीचे घर.

एक धोक्याची सूचना, कारण ही चर्चा पुढे कोणी वाचेल आणि जवसाचे तेल आणून प्रयोग करील. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल प्राणवायू घेत असताना उष्णता निर्माण होते, ती गोळ्यात कोंडली जाते आणि फडके आपोआप पेट घेऊ शकते. अशी फडकी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

ताडपत्री शिवणारा (म्हापसा)

मेणाचे मी सांगतो. पॅराफिन मेण मेणबत्त्या ओतणाऱ्यांकडे मिळते. आमच्या म्हापशात मिलाग्रिस सायबिणीच्या (मेरीमातेच्या) फेस्ताला, म्हणजे जत्रेला, मेणबत्त्यांची दुकाने लागतात, आणि ते दिवस पावसाच्या थोडे आधीचेच असल्यामुळे मी तेव्हाच वर्षभराची तजवीज करतो. रंग किंवा अत्तर घातलेली मेणबत्ती घेऊ नये, साधी पांढरी घ्यावी. मधमाश्यांचे मेण मध काढणाऱ्यांकडे मागितले तर मिळते. ते 62 ते 64 अंशांना वितळते, म्हणजे साध्या पॅराफिनपेक्षा थोडे उशिरा, आणि त्याला चिवटपणा असतो. नुसते पॅराफिन घडीवर तडकते, नुसते मधमेण चिकट राहते. दोन भाग पॅराफिन आणि एक भाग मधमेण हे प्रमाण मला आपल्या हवेत चांगले वाटले आहे. चोडणच्या बंधूंनी म्हटले ते अगदी योग्य आहे, त्यात तेल घालू नये.

मेण कधीही थेट आचेवर ठेवू नका. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात मेणाची वाटी ठेवावी, विरघळले की ज्योत बंद करावी आणि एखाद्या लहान डबीत ओतून त्याची वडी करावी. कापडावर वितळलेले मेण ओतण्याची काहींना घाई असते, त्याने थर जाड बसतो आणि पिशवी खरवडून काढावी लागते. त्यापेक्षा थंड वडी साबणासारखी हातात धरून कापडावर घासावी, विशेषतः घड्या, शिवणी, तळाचे कोपरे आणि झाकणाची कडा येथे. मग उष्ण हवेने ते मेण कापडात मुरवावे आणि सुती फडक्याने जास्तीचे पुसून घ्यावे. पाठीला लागणाऱ्या बाजूला आणि पट्ट्याला मेण लावू नये. तेथे सदऱ्याला किंवा साडीला डाग पडतात. नंतर पिशवी एक-दोन दिवस टांगून ठेवावी.

पाणी शिंपडून पाहा. थेंब मोत्यासारखे घरंगळले तर पुरे. जेथे थेंब पसरून कापड गडद झाले, तेवढ्याच जागी पुन्हा घासा. वर्षातून एकदा, पुरुमेंताच्या दिवसांत, म्हणजे पावसाआधी, घरात धान्य-मीठ-मिरची भरली जाते त्याच सुमारास हे करावे. वडिलांच्या पिशवीला या पहिल्या वर्षी दोन पातळ हात लागतील, कारण घड्यांवरचे मेण पुष्कळ गेलेले असणार.

वास्कोचा वाचक

चर्चा मन लावून वाचली. एक साधा प्रश्न आहे. एवढे सगळे करण्यापेक्षा जाड प्लास्टिकची, वर गुंडाळून बंद होणारी पिशवी का घेऊ नये? तीतून पाण्याचा थेंबही आत जात नाही.

चोडणकाठ

प्रश्न योग्य आहे, आणि ज्याला केवळ पाणी अडवायचे आहे त्याने तीच पिशवी घ्यावी. होडीत काम करणाऱ्यांनी तर अवश्य घ्यावी. पण शाळेच्या पिशवीत गरम डबा असतो, ओली छत्री असते, आणि दिवसातून वीस वेळा वही काढावी-घालावी लागते. न श्वास घेणाऱ्या पिशवीत आतली वाफ आतच थंड होते आणि कागद बाहेरच्या पावसाने नव्हे, तर आतल्या घामाने भिजतात. मी दोन्ही वापरल्या आहेत. शिवाय प्लास्टिकची पिशवी घडीवर चिरली की टाकून द्यावी लागते, मेणकापडाला मात्र म्हापशाचे बंधू ठिगळ लावून देतात.

बाईंच्या तिसऱ्या शंकेचे उत्तर राहिले आहे, ते माझ्या अनुभवातून देतो. पावसाळ्यात पिशवी वाळवण्याचा माझा क्रम असा आहे. घरी आल्यावर प्रथम ती झटकावी आणि सुती फडक्याने टिपून घ्यावी, चोळू नये. मग पूर्ण रिकामी करावी. पेन, बसची तिकिटे, डब्याखाली अडकलेले शीत, सर्व काही. झाकण उघडे टाकून, तळ वर करून दोन खुंट्यांवर अशी टांगावी की भिंतीला कोठेही टेकणार नाही, कारण आपल्या भिंतीच जुलैत ओल्या असतात. वर पंखा मंद चालू ठेवावा. चुलीजवळ किंवा इस्त्रीखाली वाळवू नये. रात्रभरात ती बहुधा वाळते. चिखल लागला असेल तर ओला असताना पुसू नका, तो विणीत शिरतो. वाळू द्या, मग ब्रशाने झाडा.

आणि ती रोज वापरा. माझ्या पिशवीला सहा पावसाळ्यांत एकदाच बुरशी आली, ती मी आजारपणामुळे तीन आठवडे घरी होतो आणि पिशवी दाराआड टांगलेली राहिली तेव्हा. खांद्यावर वावरणारी पिशवी वाऱ्यावर असते, हाताच्या उबेने तिचे मेण घड्यांत परत सरकते. ट्रंकेत जपून ठेवलेली पिशवीच आधी जाते.

सत्तरीची शिक्षिका (वाळपई)

सर्वांच्या सूचनांप्रमाणे केले, त्याचा वृत्तांत द्यावा म्हणून लिहीत आहे. व्हिनेगरने तळ दोनदा पुसला. वास गेला, दोन करडे डाग राहिले आहेत. चार दिवस ओसरीवर वाळवली. मेणाची वडी काकींनीच त्यांच्या स्वयंपाकघरात करून दिली. खोबरेलाचे कारण सांगितल्यावर त्यांनी ते मनापासून मान्य केले आणि नातवाच्या दप्तरासाठीही एक वडी बाजूला ठेवली. झाकणाला आणि शिवणींना दोन हात दिले, पाठीची बाजू तशीच सोडली. नळाखाली धरली तेव्हा झाकणावरून पाणी घरंगळून गेले, फक्त डाव्या कोपऱ्यात शिवणीजवळ एक ओला ठिपका उमटला, तेथे पुन्हा घासले.

नवी पिशवी घेण्याचा विचार सध्या सोडला आहे. एक गोष्ट मात्र विचारायची राहिली. पट्टा जेथे जोडला आहे तेथील शिवण एका बाजूने उसवू लागली आहे आणि मूळ दोरा सुती दिसतो. तो भाग मी घरी हाताने शिवू का?

ताडपत्री शिवणारा (म्हापसा)

हाताने शिवता येईल, पण वह्यांचे वजन पाहता आतून जोडतुकडा लावल्याशिवाय शिवू नका. कापड जुने आहे, नुसत्या दोऱ्याने ताण पुन्हा त्याच धाग्यांवर येईल. हाताच्या तळव्याएवढा जाड कॅनव्हासचा तुकडा आतून ठेवा, जाड सुई घ्या आणि शक्य असेल तर जुन्याच भोकांतून दोरा न्या, कारण मेणकापडाला पडलेले नवे भोक बुजत नाही. चौकोन आणि त्यात फुली. दोरा शिवण्यापूर्वी मेणाच्या वडीवरून दोनदा ओढून घ्या. शिवून झाल्यावर दोन्ही बाजूंनी वडी घासा आणि उष्ण हवा द्या. दुसऱ्या बाजूची शिवण अजून उसवली नसली तरी तीही आताच करून घ्या, ती त्याच वयाची आहे.